सातव्या जांभळीचं माहेर

दादांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय हे घरात सगळ्यांनी मान्य केलं होतं. राहिले होते फक्त दादा.

"जन्मभर लोकांचे मोती जडवले," ते म्हणायचे, "देवानं दोन मला दिले, तर तेही काढून ठेवायचे?"

एवढं बोलून ते हसायचे, आणि दादा हसले की विषय संपला असा त्या घरातला रिवाजच होता. पण डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंना तो रिवाज ठाऊक नव्हता. त्यांनी दादांच्या बायकोला, म्हणजे वहिनींना, बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं होतं की मोतीबिंदू पिकत चाललाय, आणखी दिवस काढलेत तर आतला दाब वाढेल, आणि मग जी नजर जाईल ती कुठल्याही ऑपरेशननं परत यायची नाही. हे ऐकल्यापासून वहिनींनी दादांच्या मागे लकडा लावला होता. आणि दादांची अट एकच. आधी सातवी बसवीन, मग डोळे तुमच्या हवाली.

ही सातवी म्हणजे कोण, ते सांगितलं पाहिजे.

दादा खडे जडवणारे कारागीर. सोन्याचांदीच्या कोंदणात खडा असा बसवायचे की तो तिथंच उगवला असं वाटावं. दुनियेच्या गळ्यात दादांचं काम, आणि स्वतःच्या बायकोच्या गळ्यात काय, तर चष्म्याची दोरी. लग्न नवं होतं तेव्हा त्यांनी वहिनींना शब्द दिला होता, तुझ्यासाठी सात जांभळ्यांचं पदक करीन. जांभळी हा दादांचा शब्द. पेढीवरचे लोक ज्याला ॲमेथिस्ट म्हणतात तो जांभळा स्फटिक. जांभळ्या बाजारात ढिगानं मिळतात, पण दादांना हव्या होत्या त्या वरच्या खाणीच्या. डोंगराच्या माथ्यावरची ती खाण पाणी भरून केव्हाच बंद पडली. तिच्यातले मोजके खडे सुटले ते सुटले. दादांनी सारी उमेद खर्चून त्यातले सहा मिळवले, पदकात बसवले, आणि सातवं कोंदण रिकामं ठेवून पदक डबीत बंद केलं.

दादांच्या भाषेत प्रत्येक खड्याला सासरमाहेर असायचं. ज्या खाणीतून आला ते माहेर, ज्या कोंदणात बसला ते सासर. "खडा कसा आहे ते नंतर," ते गिऱ्हाइकाला म्हणायचे, "आधी माहेर सांगा."

आता राहिले आपले रंग्या. खरं नाव काय ते रेशनकार्डालाच माहीत. दादांचे धाकटे भाऊ, रंगाच्या दुकानात कामाला. भिंतीचे रंग मिसळायचे. कुणी जुन्या दाराचा कपचा घेऊन यायचं, कुणी पडद्याचा तुकडा, आणि रंग्या डब्यात थेंब थेंब टाकून हुबेहूब तोच रंग काढून द्यायचे. पण घरी आले की त्यांचं सगळं कसब उंबऱ्याबाहेर राहायचं. कारण घरात दादा होते. रंगातलं दादांना कळतं, रंग्याला चुना कळतो, ही गोष्ट लहानपणीच ठरून गेली होती, आणि पन्नाशी उलटली तरी रंग्यांनी ती कधी उलटून बघितली नव्हती.

"भाऊजी," वहिनी एका सकाळी जिन्यात गाठून म्हणाल्या, "काल ह्यांनी पातेल्याऐवजी ओट्यावर दूध ओतलं. वर मला म्हणाले, पातेलं सरकवलंस कशाला. तुम्ही ती सातवी शोधून आणा हो. नाहीतर आणूच नका, पण ह्यांना दवाखान्यात घाला. मला पदकाचं काय करायचंय? गळ्यात घालून दाखवू कुणाला?"

रंग्यांनी मान डोलावली. त्यांनी त्याच दिवशी शोधाला लागायचं ठरवलं, आणि धंद्याच्या सवयीनं पहिलं काम केलं ते नमुन्याचं. जे शोधायचं त्याचा रंग आधी हातात पाहिजे. डबीतलं पदक बघायला मागितलं तर दादा खवळले.

"डबी उघडायची नाही. त्या सहा मला तोंडपाठ आहेत."

"शेजारी ठेवून बघितलं तर मेळ लगेच कळेल, दादा."

"शेजारी ठेवून शिकाऊ लोक बघतात. तू रंग कर, मी सांगतो."

रंग्या डबे आणि ब्रश घेऊन वरच्या खोलीत दादांच्या बाकाशी बसले. पुठ्ठ्यावर एक जांभळा पट्टा ओढला.

"मळका," दादा म्हणाले. "निळा घाल."

घातला.

"अजून घाल. कंजूषपणा करू नकोस, रंग तुझ्या बापाचा नाही."

"बाप आपला एकच आहे, दादा."

"म्हणून सांगतो, घाल."

निळा घातला, जांभळा घातला, पुन्हा निळा घातला. दादा पुठ्ठा डोळ्यांशी नेत, लांब धरत, खिडकीशी जात आणि मान हलवत. शेवटी जो रंग तयार झाला त्याला रंग्यांच्या दुकानात नाव नव्हतं. त्या रंगानं घर रंगवलं असतं तर शेजाऱ्यांनी पोलिसांत तक्रार केली असती. दादांचा चेहरा मात्र उजळला.

"हां. आता आठवणीतला आला. असली पाहिजे. आणि दिव्यासमोर धरली की आत लाल ठिणगी."

रंग्यांना वाटलं, एवढा भडक खडा देवानं घडवला असेल तर घाईत घडवला असेल. पण दादा म्हणताहेत म्हणजे असेल. पुठ्ठा खिशात घालून ते गावभर फिरले. पहिल्या सराफानं पुठ्ठा बघून विचारलं, "हे काय, सर्कशीच्या तंबूचं काम आहे का?" दुसऱ्यानं चष्मा पुसला, पुन्हा पुसला, आणि पुठ्ठा पालथा करून परत दिला. काचेच्या दागिन्यांच्या दुकानातली बाई तेवढी म्हणाली, "आहे, आमच्याकडे हुबेहूब आहे," आणि प्लॅस्टिकची अंगठी काढून दिली. जांभळ्या दिसल्या तितक्या रंग्यांनी बघितल्या, चार-दोन बऱ्या वाटल्या त्या मागून घरी आणल्या. दादा एकेक चिमट्यात धरत आणि बाजूला ठेवत.

"ही तपकिरी."

"मला जांभळी दिसते, दादा."

"तुला चुना दिसतो. ही तपकिरी. आणि ही तर मधाच्या बाटलीचं बूच आहे."

शेवटी एका म्हाताऱ्या सराफाला दया आली. "पुठ्ठा फेकून द्या," तो म्हणाला, "आणि भूगोलाच्या बाईंना फोन करा. शाळेतून निवृत्त झाल्यात. त्यांचे वडील वरच्या खाणीवर मुकादम होते. त्यांच्याकडे एक असणार."

रंग्यांनी दुकानात परतून, डब्यांच्या राशीआड उभं राहून फोन लावला. आता गंमत बघा. माणूस ज्या घरात राहतो त्या घरची भाषा त्याच्या तोंडात इतकी बसते की ती बाहेरच्यांना वेगळी ऐकू येत असेल हे त्याच्या ध्यानातच येत नाही.

"नमस्कार बाई. तुमच्याकडे एक आहे असं सराफांनी सांगितलं."

"आहे," बाई सावधपणे म्हणाल्या. त्यांच्या घरी लग्नाची भाची राहायला होती.

"आमच्या दादांना बघायची होती."

"असं. दादांचं वय काय?"

"सत्तरीला आले."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"आणि घरी कोण कोण आहे?"

"घरी सहा आहेत बाई, सगळ्या एकाच माहेरच्या. दादांनी बंद करून ठेवल्यात. सातवी मिळेना, म्हणून तर ऑपरेशन अडलंय."

"हे बघा," बाई म्हणाल्या, "आमच्या गल्लीच्या तोंडाशीच पोलीस चौकी आहे."

"मग घर सापडायला सोपं जाईल," रंग्या म्हणाले. "मी आजच येऊन घेऊन जातो. दादांना पसंत नाही पडली तर संध्याकाळी परत."

फोन आपटला गेला. तो का आपटला हे रंग्यांना कळायला दोन डबे मिसळेपर्यंतचा वेळ लागला, आणि कळलं तेव्हा ते एकटेच कानापर्यंत लाल झाले. पुन्हा फोन लावून त्यांनी पहिल्या वाक्यात तीनदा 'खडा' हा शब्द वापरला. बाई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. भाचीला फोनवर बोलावून रंग्यांना सगळं पुन्हा सांगायला लावलं.

बाईंचं घर नकाशांनी भरलेलं. भिंतीवर नकाशे, दारामागे गुंडाळलेले नकाशे, न्हाणीघराच्या दारावरसुद्धा एक महासागर. त्यांनी बोटातली जांभळीची अंगठी काढून दिव्यासमोर धरली.

"वडिलांनी स्वतःच्या हातानं खडकातून काढलेली. बघा."

रंग्यांनी बघितलं. शांत, खोल, जांभळा रंग. आणि आत, पार तळाशी, एक लाल ठिणगी लकाकून गेली. रंग्यांचे आपोआप हात जोडले गेले. खिशातल्या पुठ्ठ्याशी त्या रंगाचा काडीचा मेळ नव्हता, पण ठिणगी होती.

"न्या," बाई म्हणाल्या. "माझ्या बोटात ती नुसती भाजी चिरताना असते. तुमच्या वहिनींच्या गळ्यात शोभेल. पण तुमच्या दादांना आवडली तरच. नाहीतर परत."

रंग्या जिना दोन-दोन पायऱ्या चढत घरी आले. दादांनी अंगठी चिमट्यात घेतली, भिंग डोळ्याला लावलं, दिवा ओढला. वहिनी दारात पदर पिळत उभ्या.

"तपकिरी," दादा म्हणाले. "चहाचं पाणी. ठिणगीबिणगी काही नाही. फसवलं तुला."

काय झालं कुणास ठाऊक. इतकी वर्षं हो दादा, बरं दादा करणारे रंग्या बाकाजवळून हलले नाहीत.

"दादा, ही जांभळी आहे."

"काय म्हणालास?"

"जांभळी आहे. दिवसभर रंगच बघतो मी. हा रंग मी ओळखणार नाही तर दुकानानं मला पगार कशाचा द्यायचा? आणि ठिणगी आहे. माझ्या डोळ्यांनी बघितली."

वहिनींनी पदर सोडला.

"बरं," दादा थंडपणे म्हणाले. "भांडण नको. भट्टी आहे. सगळ्या खाणींच्या जांभळ्या तापवल्या की पिवळ्या पडतात. एका वरच्या खाणीची तेवढी हिरवी होते. घालू या आत. तुझी लायकी तुलाच कळेल."

"आणि हिरवी झाली तर मग जांभळी कुठं राहिली?" वहिनी म्हणाल्या.

अडचण हीच होती. या खड्याचं माहेर सिद्ध करायचं तर त्याचा रंगच घालवावा लागतो. खरी ठरली की कामातून गेली, आणि न तापवता ठेवली तर दादांच्या लेखी खोटीच. रंग्या त्या खड्याकडे बघत राहिले. अशी पुन्हा मिळायची नाही. मग त्यांनी वहिनींकडे बघितलं, आणि दादांकडे. दादांचा हात भिंग ठेवायला जागा चाचपत होता. बाक समोरच होता.

"घाला," रंग्या म्हणाले. "पण पैज. हिरवी झाली तर दुसऱ्याच सकाळी दवाखाना. सातवी बसो न बसो."

"आणि पिवळी झाली तर?"

"तर जन्मात तुमच्यापुढे रंगाचं नाव काढणार नाही."

"हा फायदाच आहे," दादा म्हणाले. "लागली."

खडा बाईंचा, म्हणून आधी त्यांना विचारणं आलं. रंग्यांनी घाबरत घाबरत फोन केला. बाईंनी सगळं दोनदा विचारून घेतलं. मग म्हणाल्या, "वडील सांगायचे हिरवी होते म्हणून. तापवून बघायची त्यांची छाती कधी झाली नाही. घाला. पण मी आल्याशिवाय नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळीच बाई विणकामाची पिशवी घेऊन आल्या आणि वर्गात बसाव्या तशा स्टुलावर बसल्या. दादांनी खडा अंगठीतून सोडवला. या कामाला त्यांना डोळे लागत नव्हते, बोटंच बघत होती. मुशीत बारीक वाळू घातली, तिच्यात खडा पुरला, मूस भट्टीत ठेवली.

"हळूहळू तापवायचं," ते म्हणाले. "घाई केली तर तडकते."

"आणि थंडही हळूच करायचं," बाई म्हणाल्या.

"तुम्हाला कसं माहीत?"

"डोंगर असेच तयार होतात."

दादांना हे आवडलं नाही, पण खोडताही येईना. वहिनींनी चहा केला. भट्टी तापली. रंग्यांना बसवत नव्हतं, ते खिडकीशी जात, परत येत. मनात एकच चाललं होतं: देवा, आजवर तुझ्याकडे पगारवाढ मागितली, ती तू दिली नाहीस, माझी तक्रार नाही. तेवढं एक हिरवं दे. वहिनी तर उघडच पुटपुटत होत्या, आणि देवाचं नाव आणि हिरव्या रंगाचं नाव त्यांच्या तोंडी आळीपाळीनं येत होतं.

"हिरवी झाली तर आनंद का वाईट, तेच मला ठरवता येईना," बाई सुयांवर नजर ठेवून म्हणाल्या. "अंगठी तर माझी जातेय."

"वाईटच," दादा म्हणाले. "पण होणार नाही. काळजी करू नका."

भट्टी बंद झाली. मूस निवेपर्यंत बाईंच्या सुया चालत राहिल्या. मग दादांनी चिमट्यानं मूस बाहेर घेतली आणि वाळू कागदावर ओतली. बोटांनी चाचपून खडा शोधला. फुंकर मारली. खिडकीशी नेऊन डोळ्यांसमोर धरला.

मग भिंग लावून पुन्हा धरला.

"रंग्या," ते म्हणाले, "हा कुठला रंग?"

"तुम्ही सांगा, दादा."

"मला हिरवा दिसतोय."

"मलाही."

बाईंनी विणकाम खाली ठेवलं. कोवळ्या पानासारखा हिरवा, नितळ खडा दादांच्या चिमट्यात होता. वडिलांनी जे कधी बघितलं नव्हतं ते त्या बघत होत्या, आणि त्यांनी डोळ्यांना रुमाल लावला तो हसू पुसायला की दुसरं काही, ते सांगता आलं नसतं.

"म्हणजे ती होती," दादा म्हणाले. "वरच्या खाणीची होती. जांभळी होती, ठिणगी होती, आणि मी हातात धरून तिला चहाचं पाणी म्हणालो."

ते बाकाशी आले, खालचा खण उघडला, आणि डबी काढून वहिनींच्या हातात दिली. "उघड. मी नाही उघडत."

वहिनींनी उघडली. सहा जांभळ्या दुपारच्या उजेडात नुकत्या न्हाल्यासारख्या बसल्या होत्या.

"कशा आहेत?" दादांनी विचारलं.

"छान आहेत की. तुम्ही ठेवल्या तशाच."

"फिक्या नाही पडल्या? तपकिरी नाही झाल्या?"

"छे हो."

दादा स्टुलावर बसले. "मागं एकदा उघडली होती डबी," ते हळू आवाजात म्हणाले. "सगळ्या मातकट दिसल्या. मला वाटलं, रंगच उतरला. आयुष्यभर सांभाळलेल्या गेल्या. तुला कुठल्या तोंडानं सांगू? म्हणून डबी मिटली ती मिटली. म्हटलं, एक तरी खरी जांभळी मिळू दे, निदान एक तरी तुला दाखवीन, मग बाकीच्यांचं बघू. रंग उतरला होता तो माझ्या डोळ्यांतला होय."

वहिनी जवळ आल्या. त्यांनी दादांच्या कपाळावरचे केस मागे सारले, एवढंच.

हे खरंच तसं होतं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की मोतीबिंदू पिकला की डोळ्यात जणू पिवळी काच बसते, आणि त्या काचेत सगळ्यात आधी बुडतात ते निळा आणि जांभळा. पण ते दुसऱ्या दिवशी. त्या दुपारी बाईंनी विणकाम गुंडाळलं, हिरवा खडा पुन्हा एकदा उजेडात धरून बघितला आणि वहिनींच्या तळहातावर ठेवला. "रंग बदलला तरी माहेर तेच आहे," त्या म्हणाल्या. "बसवा सातव्या जागी. कुणी विचारलं तर माझ्याकडे पाठवा, मला बोलायची सवय आहे."

"बसवीन," दादा म्हणाले. "पण आत्ता नाही. बसवायची तर नीट बघून बसवीन."

सकाळी दादा कपडे करून, पिशवी मांडीवर घेऊन, सगळ्यांच्या आधी तयार. वहिनी खाली रिक्षा थांबवायला गेल्या. रंग्या दादांना न्यायला वर आले, तर जिन्याच्या तोंडाशी दादांनी आपणहून हात पुढे केला. कधी केला नव्हता. रंग्यांनी तो घट्ट धरला. अर्ध्या जिन्यात दादा थांबले आणि भिंतीवरून तळवा फिरवला.

"रंग्या, ही भिंत तूच रंगवलीस ना?"

"हो दादा."

"रंग कुठला दिलास?"

"पांढरा. शुभ्र."

दादांनी तळवा डोळ्यांजवळ नेऊन बघितला. "मला पिवळी दिसते," ते म्हणाले. "शेंदाडासारखी पिवळी. इतके दिवस जाता-येता वाटायचं, ह्यानं हलक्यातला रंग मारला आणि तो चार दिवसांत उतरला. पण कुणापाशी बोललो नाही रे मी. म्हटलं, जाऊ दे. कसाही असला तरी भाऊ आहे."

रंग्यांना हसू फुटलं आणि त्याच वेळी डोळेही भरून आले, त्यामुळे दोन्हीपैकी एकही धड झालं नाही.

"फार उपकार झाले, दादा," ते म्हणाले. "आता पाय जपून टाका. इथं पायरी आहे."